नाव कोणाचं टाकू?

“ताई, नाव कोणाचं टाकू?” वाचनालयातला मुलगा दारातून विचारत होता. पेंटर संध्याकाळी यायचा होता. लोखंडी कपाट सकाळीच टेम्पोतून उतरलेलं, अंगावरचं प्लॅस्टिकही अजून तसंच. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावात हे वाचनालय आजोबांच्या वेळेपासून आहे, आणि त्यातलं जुनं सागवानी कपाटही तेवढंच जुनं. गेल्या पावसाळ्यात त्याला वाळवी लागली. बाहेरून धडधाकट, पण अंगठा दाबला की आत जायचा. नवीन कपाट मी देते, असं मी फोनवर बोलून गेले होते. रक्कम काही सांगण्यासारखी नव्हती, पेन्शनमधून सहज निघेल एवढीच. “नावबिव काही नको रे,” मी म्हटलं, “गुप्तदान लिही.” हे म्हणताना माझं मलाच कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू! दुपारी वर्धापनदिनाचा कार्यक्रम झाला. अध्यक्षांनी देणग्यांची यादी वाचायला घेतली. पंखा एक, अमक्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. खुर्च्या दहा, तमक्यांकडून. प्रत्येक नावाला टाळ्या, प्रत्येक नावाचा माणूस अर्धवट उठून नमस्कार करणार. “आणि एक गुप्तदान. कपाट, नग एक.” माझी मान आपोआप ताठ झाली. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. गुप्त आहे म्हटल्यावर कोण कशाला बघेल? तरी आत कुठंतरी खट्टू झालंच.

ती खट्टू झाल्याची गोष्ट मनातून जाईना.

खरं तर नावं घालण्याची आपल्याकडे काय कमी हौस आहे? देवळाच्या पायऱ्यांवर फरशीगणिक नावं, त्यांच्यावर पाय देऊनच वर जायचं. लग्नात मिळालेल्या पातेल्यांवर मामाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, तेही तारखेसकट. आणि सभामंडपातले पंखे! तीन पात्यांवर लाल रंगात तीन तुकड्यांत लिहिलेलं कैलासवासी आजोबांचं नाव. लहानपणी मी पुराणाला बसून ते वाचायचा प्रयत्न करायची. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होतं, नुसतं एक लालसर वर्तुळ उरतं. वाचायचं तर वीज जायला हवी. म्हणजे आजोबा वारा घालत असतात तेव्हा निनावी असतात आणि सगळे घामानं निथळायला लागले की त्यांचं नाव झळकतं.

त्याच दिवशी सकाळी आम्ही जुनं कपाट रिकामं केलं होतं. वाळवीनं कादंबऱ्यांचा एक अख्खा कप्पा फस्त केला होता, धर्मग्रंथांना मात्र जेमतेम तोंड लावलेलं. (यावरून काय तो निष्कर्ष ज्याचा त्यानं काढावा.) सगळ्यात खाली फडक्यात बांधलेलं एक पुस्तक निघालं. पहिली काही पानं नाहीत, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. एका बाजूला जाड चौकोनी अक्षरांचं हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. प्रार्थनांचं पुस्तक. मुलानं ते दोन बोटांत धरून विचारलं, “हे रद्दीत का ठेवू?” आम्ही दाखल नोंदवही काढली. जिथं देणाऱ्याचं नाव लिहितात त्या रकान्यात कोणीतरी टाकानं लिहून ठेवलं होतं: ‘भेट, इस्रायल आळी’. एवढंच. माणसाचं नाव नाही, साल नाही. अलिबागची ती ज्यूंची आळी आम्हा सगळ्यांना ठाऊक. आजी बाजाराला जाताना तिकडून जायची आणि शनिवारी तिथल्या ओळखीच्या बायकांना हाक मारायची नाही. “आज त्यांचा शब्बाथ,” म्हणायची, जसं एखादीचा उपास असावा तसं. घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून शनवारतेली हा शब्दही मी तिच्याच तोंडून ऐकलेला. मग एकेक घर इस्रायलला गेलं. त्यातल्याच कोणीतरी जाताना सामानाची वाटणी करून हे पुस्तक वाचनालयात आणून दिलं असणार. घरातलं सगळ्यात जपलेलं पुस्तक, आणि ते देताना नाव सांगितलं नाही. किंवा सांगितलं, पण लिहिणाऱ्याला आळीचं नाव पुरेसं वाटलं.

परतीच्या एसटीत वडखळच्या पुढं मला ते आठवलं आणि माझं ते ‘गुप्तदान’ आठवून कसंसंच झालं. बाराव्या शतकात कैरोत मोझेस मायमोनिडीस नावाचा ज्यू पंडित होऊन गेला, पेशानं वैद्य. त्यानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात खालची म्हणजे कुरकुरत दिलेलं. वरून दुसरी म्हणजे कोणाला दिलं ते देणाऱ्याला ठाऊक नाही आणि कोणी दिलं ते घेणाऱ्याला नाही. आणि सगळ्यात वरची म्हणजे उसने पैसे देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम लावून देऊन समोरच्याला असं उभं करायचं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. हिब्रूत दानाला ‘त्झदाका’ म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळ दयेत नाही, न्यायात आहे. दिलं तर उपकार नाहीत, नाही दिलं तर मात्र चुकलं. गुप्तदान देऊन यादीकडे कान लावून बसणाऱ्यांची पायरी मी त्या आठांत शोधली. त्यानं ती ठेवलेली नाही.

पुण्यात ‘ससून’ म्हणजे हॉस्पिटल. “ससूनला नेलं” एवढं म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. मुंबईत ससून म्हणजे डॉक, पहाटेचा बोंबलाचा आणि बर्फाचा वास. एकाच आडनावाला दोन शहरांत दोन वास, एक फिनेलचा आणि एक मासळीचा. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी तिथल्या दगडी व्हरांड्यात दोन रात्री काढल्या, पण हे एखाद्या माणसाचं आडनाव आहे हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. नव्या पेठेतल्या ‘निवारा’त प्रदर्शनाला जाऊन मी किती साड्या घेतल्या असतील! ते डेव्हिड ससूनच्या नावाचं अनाथ पंगू गृह आहे हे पाटीवर लिहिलंय, पण पाटी वाचायला तिथं कोण जातं? बगदादहून आलेला हा माणूस मुंबईत गडगंज झाला. शेवटपर्यंत बगदादी पेहरावात राहिला, १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिक झाला तेव्हा कागदावर सही केली ती हिब्रूत. पैसा कापसाचा आणि चीनला जाणाऱ्या अफूचा. हे विसरून त्याची आरती ओवाळता येत नाही आणि हे आठवून हॉस्पिटलची पायरी टाळताही येत नाही. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यानं बांधायला घेतलं, पण ते पुरं झालं १८६७ मध्ये. तो १८६४ मध्येच पुण्यात वारला आणि त्याच आवारात पुरला गेला. लाल विटांच्या उंच मनोऱ्याशेजारी ती कबर आहे. आम्ही सिनेगॉगला पुण्यात देऊळ म्हणतो आणि मुंबईत मशीद. मांडवीतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखलं जातं. ते १७९६ मध्ये बांधलं सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी. ते कंपनीच्या फौजेतले, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. ना पेढी, ना गिरणी. शिपाईगिरीच्या कमाईतून आणि नवसातून उभं राहिलेलं देऊळ. आजही गल्लीला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात, पण सॅम्युएल म्हणजे आपले दिवेकर हे ओळखायला थोडं थांबावं लागतं.

डेव्हिड ससूनबद्दलची एक गोष्ट मला गिळता येत नाही. १८३६ मध्ये मुंबईतल्या बगदादी ज्यूंच्या पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्रायलींच्या कबरींमध्ये भिंत घाला. अर्जदारांत ससूनही होते. कोकणातले हे तेली, सुतार, शिपाई, मराठी बोलणारे, लुगडं नेसणाऱ्या बायकांचे ज्यू त्यांना पुरेसे ज्यू वाटत नव्हते. मेल्यावरही शेजार नको! आपल्याला हे नवीन नाही; पाणवठ्यांवर आणि मसणवट्यांत अशा रेघा आपणही कमी ओढलेल्या नाहीत. पण मग त्याच ससूननं मुंबईत मुलांसाठी धर्मशिक्षणाची संस्था काढली, आणि तिचे मुख्याध्यापक म्हणून जवळपास चाळीस वर्षं राहिले जोसेफ इझिकेल राजपूरकर. मुरूडजवळच्या राजपुरीचं आडनाव लावणारे, भिंतीपलीकडचे. दिवसा बगदादी शेटजींच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात हिब्रू प्रार्थना मराठीत आणायच्या. वीसहून जास्त पुस्तकं झाली त्यांची. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षकही होते. शाळेचा पगार नसता तर ती पुस्तकं झाली असती का? बहुधा नसती. मग मराठीतल्या त्या प्रार्थनांचं श्रेय थोडं ससूनला जातं का? मला द्यायचं नाहीये, पण हिशेब मांडला की त्याच्या खात्यावर काहीतरी निघतंच. बँकेत तीस वर्षं काढल्यावर खोटी बेरीज करवत नाही.

त्याच्याही आधीची एक देणगी आणखी गमतीची आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. बेने इस्रायलींना हिब्रू यावं, जुना करार मुळातून वाचता यावा, आणि मग ओघानंच त्यांनी नव्या कराराकडे यावं, म्हणजे ख्रिस्ती व्हावं, असा बेत. मिशनच्या शाळांत ही मुलं गेली, हिब्रू शिकली, बायबल वाचलं, आणि जवळजवळ सगळी आपल्या शब्बाथला परत आली. आमच्याकडच्या कोळ्यांना विचारा, आमिष खाऊन गळ तसाच सोडून जाणारा मासा किती हुशार लागतो ते.

या सगळ्यांत मला खरा जवळचा वाटतो तो हाईम सॅम्युएल केहिमकर. किहीमचे म्हणून केहिमकर. आता किहीम म्हटलं की लोकांना शनिवार-रविवारची गर्दी आणि पार्किंग आठवतं. या माणसानं १८७५ मध्ये आपल्या समाजातल्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. हिब्रू तर हवंच, पण मराठी आणि इंग्रजीही. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडून मदत यायची. ती मिळावी म्हणून किती अर्ज, किती अहवाल, किती ‘आपल्या कृपेनं’ लिहावं लागलं असेल, हे ज्यानं कधी संस्थेसाठी अनुदान मागितलंय त्यालाच कळेल. आमच्या वाचनालयाचे कार्यवाह दर मार्चमध्ये तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून येतात तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलाय. अर्जात आपण आपल्याला थोडं अधिक गरीब आणि थोडं अधिक होतकरू दाखवतो. केहिमकरांना तर लंडनच्या लोकांना हेही पटवायचं होतं की आम्ही खरेच ज्यू आहोत. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला तोही मला अशाच एका लांबलचक अर्जासारखा वाटतो. हस्तलिखित तयार झालं १८९७ मध्ये. छापलं गेलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. मधली चाळीस वर्षं ते कुठल्या तरी पेटीत, कसरीच्या आणि दमट हवेच्या ताब्यात.

आणि शाळा? ती वाढली, माझगावला मोठी इमारत झाली, पैसा कमी पडला. १९३० च्या दशकात सर एली कडूरींनी मोठी देणगी दिली आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. कडूरीही बगदादचे, सुरुवातीला ससूनांच्याच पेढीत नोकरी केलेले, हाँगकाँग आणि शांघायला जाऊन श्रीमंत झालेले. भिंत मागणाऱ्यांच्याच गावच्या माणसानं भिंतीपलीकडच्यांच्या शाळेचं छप्पर सावरलं. हे चांगलंच झालं, नाही कसं म्हणू? पण शाळेच्या नावात केहिमकर नाहीत. आज त्या शाळेत बाकांवर बसणारी बहुतेक मुलं मुसलमान आणि हिंदू आहेत, भायखळ्याच्या जेकब ससून शाळेतही तसंच. ज्यांच्यासाठी पैसे ठेवले ती मुलं दिमोना, अश्दोद, लोदला मोठी झाली, आणि पैसे मात्र इमानानं इथंच राहून दुसऱ्यांच्या मुलांना पाढे शिकवतायत. एवढं तरी देणाऱ्याच्या हातात नसतं हे बरं आहे.

हाफकिनचं तर मला अजून नवल वाटतं. परळचं हाफकिन कोणाला माहीत नाही? प्लेगची लस, १८९७ च्या जानेवारीत स्वतःला टोचून घेतलेली पहिली सुई, हे शाळेत वाचलेलं. ओदेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ. पंजाबातल्या मुल्कोवालला १९०२ मध्ये लशीनंतर १९ माणसं धनुर्वातानं दगावली तेव्हा ठपका त्याच्यावर ठेवला गेला आणि निर्दोष ठरायला पाच वर्षं लागली. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं. आपली गोष्ट इथं संपते. त्याची संपत नाही. उतारवयात तो फार धार्मिक झाला. आयुष्यभराची पुंजी त्यानं १९२९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला एका प्रतिष्ठानात ठेवली. कशासाठी, तर पूर्व युरोपातल्या येशिवांसाठी, म्हणजे तालमूद हा धर्मग्रंथ घोकणाऱ्या पोरांच्या पाठशाळांसाठी. तिथं धर्मशिक्षणाबरोबर विज्ञान आणि हातातला एखादा धंदाही शिकवावा, ही त्याची इच्छा. पुढच्या वर्षी तो गेला. साधारण बारा वर्षांत त्या पाठशाळा, ती गावं, ती पोरं, काही उरलं नाही.

मुंबईत नाव उरलं, जिथं पैसा गेला तिथं काहीच नाही.

२०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात एक हिब्रू बायबल ३ कोटी ८१ लाख डॉलरना गेलं. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचं, जवळजवळ पूर्ण. एका अमेरिकी माजी राजदूतानं ते घेऊन तेल अवीवच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. त्या पोथीला ‘कोडेक्स ससून’ म्हणतात, कारण १९२९ मध्ये ती ३५० पौंडांना घेतली होती डेव्हिड सॉलोमन ससून यांनी. डेव्हिड ससूनचे नातू, जन्म मुंबईचा. त्यांची आई फ्लोरा हीसुद्धा मुंबईचीच. नवऱ्यामागं तिनं पेढी चालवली, आणि हिब्रू धर्मग्रंथांत ती अशी मुरलेली होती की पुढं लंडनला पंडितांसमोर व्याख्यान दिलं. तर पोथी लिहिणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, जपणाऱ्याचं तिला लागलं.

ती बातमी वाचली त्या रात्री मी हट्टानं दुसरंच पुस्तक शोधत बसले. एका परदेशी ग्रंथालयानं स्कॅन करून ठेवलेलं ‘हगादा’, वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरात वाचायचं. १८७४ मध्ये पुण्यात छापलेलं, हिब्रू आणि मराठी. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा, शिळाप्रेस. अग्निहोत्र्यांच्या छापखान्यात मिसरातून सुटलेल्या यहुद्यांची कथा! शाई कुठं दाट, कुठं पुसट. चित्रांत बायका बेखमीर भाकऱ्या करतायत. कोणी मळतंय, कोणी लाटतंय, कोणी भाजतंय, अंगावर लुगडी आणि मानेवर खोपा. मी ते पान कितीतरी वेळ मोठं करून पाहिलं. ती लाटणारी बाई बसलीय ना, ते बसणं आमच्या आजीचं आहे. तिचं नाव चित्रकारानं लिहिलेलं नाही, आणि पुण्याच्या शिळेवर तिला कोरणाऱ्याचं नावही मला त्या पानावर सापडलं नाही. ते पान माझ्या स्क्रीनवर यायला कुणाकुणाचे पैसे लागले असतील? मळखाऊ पुठ्ठ्यातलं पुस्तक कोणीतरी समुद्रापार नेलं, कोणीतरी विकत घेतलं, कुठल्या तरी न्यासानं स्कॅनरचे पैसे दिले. यादी वाचायला बसलं तर टाळ्या वाजवून हात दुखतील.

खोपोलीला एसटी थांबली तेव्हा मी मुलाला फोन लावला. म्हटलं, ते प्रार्थनेचं पुस्तक रद्दीत गेलं नाही ना? “नाही ताई, नव्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलंय. तुम्ही म्हणाला होता ना.” मी म्हणाले नव्हते. पण मी काही बोलले नाही. मग जरा घुटमळत विचारलं, “पेंटर आला होता का?” “येऊन गेला. फोटो टाकतो.”

फोटो आला तेव्हा गाडी घाट चढून गेली होती आणि खिडकीतून थंड वारा येत होता. हिरव्या कपाटाच्या दारांवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीतभर उंचीच्या लाल अक्षरांत, खाली पांढऱ्या रंगाची सावली देऊन लिहिलं होतं: ‘गुप्तदान’. शेजारच्या पंख्यावरच्या, खुर्च्यांवरच्या सगळ्या नावांपेक्षा मोठं. मी एकटीच इतकी हसले की पलीकडच्या बाईंनी वळून पाहिलं. मग दोन बोटांनी फोटो मोठा करून वरच्या कप्प्याच्या काचेतून ते पुस्तक दिसतंय का, बघायला लागले. काचेत मुलाचा हात, त्याच्या हातातला मोबाईल आणि मागं दारातला उजेड एवढंच दिसत होतं.